वाढीव दोन वर्षं

केक परत घ्यायला बेकरीवाल्याने साफ नकार दिला. अक्षरं लिहिलेला माल परत घेत नाही म्हणाला. तेव्हा आईने सुरी घेतली आणि 'सुखी निवृत्ती' मधलं 'नि' खरवडून काढलं. उरलं 'सुखी वृत्ती'. ती घरात कुणाकडेच नव्हती, पण केकवर असायला काय हरकत आहे, असा विचार करून आईने तो टेबलाच्या मधोमध ठेवला.

आदेश शुक्रवारी आला होता, तोही भर निरोप समारंभात. अप्पांना फुलं देऊन झाली होती, दोन भाषणं झाली होती, तिसरा वक्ता "अप्पांच्या जाण्याने जी पोकळी" इथवर पोहोचला होता, तेवढ्यात शिपाई कागद घेऊन आत आला. सरकारने निवृत्तीचं वय अठ्ठावन्नवरून साठ केलं होतं, आणि या महिनाअखेर जाणाऱ्यांनाही ते लागू होतं. महिना संपायला चार दिवस होते. वक्त्याने पोकळी तशीच उघडी टाकली आणि तो चहा प्यायला गेला.

ज्यांना थांबायचं त्यांनी पर्यायपत्र भरून द्यायचं होतं. सोबत समुपदेशकाचं पत्र हवं होतं, की या माणसाशी बोलणं झालं आहे आणि त्याने पूर्ण विचार केलेला आहे. मुदत सोमवारी सकाळी अकरापर्यंत. पत्र न देणाऱ्याने खुशाल घरी बसावं.

आज रविवार होता. निवृत्तीसाठी बोलावलेली माणसं तीच होती, जेवणही तेच होतं, फक्त निवृत्ती नव्हती.

"माझं म्हणणं एवढंच आहे," काकू म्हणाली. काकूचं म्हणणं कधीच एवढंच नसायचं. ती शाळेत खेळ शिकवायची, आणि तिचा आवाज मैदानाच्या मापाने शिवलेला होता. "हे अकरा वर्षं दुसऱ्या नंबरवर आहेत. माझ्याकडे लंगडी खेळलेल्या मुली आता त्यांच्या मुलींना घेऊन येतात. आणि हे अजून अप्पांच्या बाजूच्या टेबलावर."

"तू जेव," काका म्हणाले.

"जेवतेच आहे. तुमच्यासारखं जेवताना मुकं होणं मला जमत नाही."

अप्पा आणि काका सख्खे भाऊ, एकाच कार्यालयात, एकाच खोलीत. अप्पा जमिनीच्या जुन्या नकाशांच्या अभिलेख कक्षाचे प्रमुख, काका त्यांचे सहायक. अप्पा उठले की खुर्ची काकांची, हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. काकूने त्या खोलीच्या पडद्याचं कापडसुद्धा पाहून ठेवलं होतं.

अप्पा संत्रं सोलत होते. "कागदावर असेल तसं होईल," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी घेतलेला प्रत्येक निर्णय याच वाक्याने टळला होता.

"कागदावर तुम्हीच लिहायचंय अप्पा, गंमत तीच आहे," त्यांचा मुलगा म्हणाला. त्याला घरात झेरॉक्स म्हणत. एक तर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि दुसरं, तो टकलापासून चालीपर्यंत हुबेहूब अप्पा होता. "साधा प्रश्न आहे. माझ्या दुकानात बसणार की नाही? मी तुमच्यासाठी खुर्ची आणलीय. फिरणारी."

"तुझ्या दुकानात मी काय करू?"

"ऑफिसात करता तेच. गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, उद्या या."

काकू हसली आणि तिने झेरॉक्सच्या ताटात भाजी वाढली. युती झाली.

आईला ते दिसलं. "त्यांची तब्येत ठणठणीत आहे," ती घाईने म्हणाली. "धडधाकट माणूस घरी बसला की खचतो. दोन वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातील."

"जाऊबाई, शिलाई मशिनं कुठे ठेवायची हा प्रश्न आहे ना तुमचा? मग तसं सरळ सांगा."

टेबलावर कुणाचातरी चमचा पडला.

"कसली मशिनं?" अप्पांनी विचारलं.

आईने ओठ मिटून काकूकडे पाहिलं, मग सुस्कारा टाकला. लपवाछपवी अशी तिने केली नव्हती. फक्त गेली सहा वर्षं, अप्पा साडेनऊला बाहेर पडले की ती पडद्यामागून दोन मशिनं ओढून काढायची. तीन बायका यायच्या. पँट आखूड करणं, चेन बदलणं, लग्नाआधी घट्ट आणि लग्नानंतर सैल करणं. साडेपाचला सगळं परत पडद्यामागे. सांगायचं राहून गेलं होतं, आणि सहा वर्षं राहिलेली गोष्ट सांगायला जीभ उचलत नाही.

तिने आता सांगितलं. अप्पांनी संत्र्याची फोड हातात धरून ऐकलं.

"म्हणजे सोफ्यात टोचतात त्या टाचण्या..."

"माझ्याच."

"मला वाटायचं सोफ्याच्याच आहेत," अप्पा म्हणाले, आणि फोड खाऊन टाकली.

यावर कुणी काही बोलायच्या आत काकूने मोहरा ताईकडे वळवला. ताई म्हणजे अप्पांची थोरली मुलगी, आणि नेमकी तीच त्या इमारतीतल्या कर्मचारी समुपदेशन कक्षाची समुपदेशक. दोन खुर्च्या, एक कुंडी आणि रुमालांचा डबा असलेली तिची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दीड वर्षात तिथे नऊ जण आले होते. त्यातले चौघे स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला. उरलेले कर्मचारी त्या खोलीला डोक्याचा दवाखाना म्हणत आणि समोरून जाताना चालण्याचा वेग वाढवत.

"तू पत्रावर सही करू नकोस, विषय संपला," काकू म्हणाली.

"सही केलीच पाहिजे तिने," आई म्हणाली.

"तारीख चुकव ना ताई," झेरॉक्सने सुचवलं. "सरकारी आहेस, तुला अवघड नाही."

ताईने पाण्याचा घोट घेतला. शुक्रवारपासून ती या क्षणाची वाट बघत होती, आणि तो तिच्या अपेक्षेपेक्षा वीस मिनिटं उशिरा आला होता. "घरच्या माणसाचं समुपदेशन मला करता येत नाही. नियम आहे."

"मग आत्ता काय चाललंय?"

"आत्ता जेवण चाललंय, काकू. दुसऱ्या विभागातल्या एक बाई तीन वाजता अप्पांना फोन करणार आहेत. सुट्टी असून, माझ्या शब्दाखातर. पत्रही त्याच देतील."

"परक्या बाईशी मी काय बोलू?" अप्पा म्हणाले.

"इथे कुणाशी बोलत नाही ते."

तीन वाजता फोन आला. अप्पा ताईचा फोन तळहातावर दिव्यासारखा धरून आतल्या खोलीत गेले. दार लागलं. ताई दाराला पाठ लावून उभी राहिली.

काका मात्र खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांना या सगळ्यात फार रस आहे असं दिसू द्यायचं नव्हतं. खरं तर शुक्रवारी तो कागद वाचला तेव्हा त्यांची धास्ती दोन वर्षांसाठी पुढे ढकलली गेली होती, आणि तिथल्या तिथे शिपायाला मिठी मारावी असं त्यांना वाटलं होतं. घरी मात्र काकू तापली तेव्हा तेही तापले. तापलेल्या बायकोशेजारी थंड बसलेला नवरा संशयास्पद दिसतो.

"हॅलो," आतून अप्पांचा आवाज आला, नकाशांच्या तीन रांगा ओलांडून शिपायाला हाक मारायचा तोच. आणि त्यानंतर बाईंचाही आवाज आला, तितकाच स्वच्छ. अप्पांच्या बोटाखाली भलतंच काहीतरी दाबलं गेलं होतं.

"बोला अप्पा. तुम्हाला काय हवंय?"

"घरच्यांचं म्हणणं असं आहे की..."

"घरच्यांचं नंतर. तुम्हाला?"

बाहेर काकू एक पाऊल पुढे सरकली. झेरॉक्स दोन सरकला. "सगळे स्वयंपाकघरात चला," ताई दबक्या आवाजात म्हणाली. कुणी हललं नाही. तेव्हा तीच स्वयंपाकघरात धावली आणि तिने मिक्सर सुरू केला. मिनिटभर घरात नुसती घरघर झाली. आईने मागून जाऊन बटण बंद केलं.

"रिकामा फिरवला की जळतो," ती म्हणाली.

आणि त्या शांततेत अप्पा म्हणाले, "माझा धाकटा भाऊ माझ्या हाताखाली आहे. सगळ्यांना वाटतं त्याला माझी खुर्ची हवीय. त्याला ती नकोय."

काकांनी खिडकीचा गज धरला.

"तीन वर्षांपूर्वी मी अर्धा दिवस रजेवर होतो. साहेबांनी त्याला माझ्या जागी बसवलं. दुपारी येऊन बघतो तर खुर्ची रिकामी, समोर आठ माणसं ताटकळलेली. हा मागे, नकाशांच्या रॅकमध्ये जमिनीवर बसलेला. घामाने भिजलेला. म्हणाला, दादा, मी मरतोय. डॉक्टरकडे नेला. हृदय उत्तम निघालं. डॉक्टर म्हणाले, ही भीती आहे. कशाची, ते त्याला सांगता येईना."

"मग?"

"मग काय. दर गुरुवारी आम्ही दोघं रॅकमागे जाऊन बसतो. अर्धा तास. दारावर पाटी लावतो, तपासणी चालू आहे."

"तिथे काय करता?"

"काही नाही. तो बोलला तर ऐकतो. नाही बोलला तर मी त्याला जुने नकाशे दाखवतो. नद्या किती सरकल्यात वगैरे. मी गेलो तर त्याच्याबरोबर कोण बसेल? मुलगी आहे वरच्या मजल्यावर, पण तिच्याकडे जायची त्याला लाज वाटते."

काकांनी मान वळवली नाही, तरी चार माणसं आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या मानेला कळत होतं. काकू काहीतरी बोलेल म्हणून ते थांबले. काकू बोलली नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा घडत होतं.

ताईने दार उघडलं. तिला हे दहा वाक्यं आधीच करायला हवं होतं, आणि ते तिला कळत होतं. "अप्पा, तुमचा आवाज बाहेर येतोय. बाईंचाही."

अप्पांनी फोनकडे पाहिलं, मग ताईच्या खांद्यावरून खिडकीकडे. त्यांचा चेहरा पार उतरला. "हे बंद कसं करतात?" त्यांनी विचारलं.

काका खोलीत गेले. थोरल्या भावाच्या हातातून त्यांनी फोन घेतला. "बाई, ऐकताय ना? तो मीच."

"तो कोण?"

"रॅकमागचा."

अप्पा पलंगावरून उठले, भावाला जागा करून दिली आणि बाहेर आले. ताईने फोनवरचं योग्य ते बटण दाबून दार ओढून घेतलं. या वेळी आतून काहीही ऐकू आलं नाही.

बाहेर काकू सोफ्यावर बसली होती. "तीन वर्षं," ती म्हणाली.

"तो म्हणाला, सांगू नकोस," अप्पा म्हणाले.

"आणि तुम्ही ऐकलंत."

"हो."

"गुरुवारी हे घरी गाणं गुणगुणत यायचे. दर गुरुवारी. मला वेगळाच संशय होता."

"कुणाचा?" आईने लगेच विचारलं.

"त्या टंकलेखिकेचा. तळमजल्यावरची, गॉगलवाली."

"ती पुढच्या महिन्यात आजी होणार आहे," अप्पा म्हणाले. "आणि तो गॉगल मोतीबिंदूचा आहे."

काकूला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याचा राग आला. शाळेच्या मैदानावर इतकी गुडघे फुटलेली पोरं तिने उचलली होती. पडलेलं पोर रडायच्या आधी आजूबाजूला बघतं, कुणी पाहिलं का म्हणून, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि स्वतःच्या घरातलं तिला दिसलं नव्हतं.

"मला वाटायचं त्यांना खुर्ची हवीय आणि मागता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी मागत होते. मला ती कशाला हवीय? माझी शिट्टी बरी आहे."

आई तिच्याशेजारी बसली. मग चटकन उठली, सोफ्यातून एक टाचणी उपटली, आणि पुन्हा बसली.

पाऊण तासाने काका बाहेर आले. डोळे लाल होते, पण खांदे खाली आले होते. "बुधवारी परत बोलायचं ठरलंय," ते कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाले. मग काकूकडे वळले. "मला ती खुर्ची नको."

"ऐकलं. शेजारच्यांनीसुद्धा ऐकलं असेल." तिने सरकून जागा केली. "बसा. केक खा. उभ्याने कुठे भीती जाते?"

"अप्पा," ताई म्हणाली, "बाई अजून फोनवर आहेत. तुमचं बोलणं अर्धवट राहिलं."

अप्पांनी फोन घेतला आणि या खेपेला तो कानाला लावला. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तीन वर्षं त्यांच्याकडे थांबायचं एक भारदस्त कारण होतं, आणि ते आत्ता सोफ्यावर बसून केक खात होतं. आता राहिले ते एकटेच. उद्या घरी थांबलं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्यांना आठवलं, मागच्या सोमवारी एक म्हातारा आला होता. आजोबांचं अर्धं नाव आणि एका ओढ्याची आठवण, एवढंच घेऊन. अकरा मिनिटांत अप्पांनी त्याच्यासमोर नकाशा पसरला. म्हाताऱ्याने बोटाने ओढा गाठला आणि तो तिथेच उभा राहिला, बोट न उचलता.

"मला जायचंय," अप्पा म्हणाले.

"कुठे?" आईने घाबरून विचारलं.

"ऑफिसात. कुणासाठी नाही. मला आवडतं तिथे." हे बोलताना त्यांना जरा निर्लज्ज वाटलं. चाळीस वर्षं सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं, की आपण संसारासाठी राबतो.

"मग माझ्या फिरत्या खुर्चीचं काय?" झेरॉक्स म्हणाला.

"ती इकडे आण," आई म्हणाली. "मशिनवर बसून माझी पाठ मोडते."

"आणि साडेपाचला आवरायचं काही कारण नाही," अप्पा तिला म्हणाले. "असू दे मशिनं बाहेर. मी बाजूने जाईन. फक्त टाचण्यांचं बघ."

आईने मान हलवली. तिला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण बाई फोनवर होत्या, म्हणून तिने ते राखून ठेवलं. बाई म्हणाल्या, पत्र सकाळी दहापर्यंत पोहोचेल.

काकांनी बशी खाली ठेवली. "मलाही एक कागद द्या. दोन वर्षांनी दादा उठेल तेव्हा परत तेच. तोवर मी पोटात गोळा घेऊन बसणार नाही. बढती नको, आणि दादाच्या रजेतसुद्धा मला तिथे बसवू नका, असं आजच लिहून ठेवतो."

झेरॉक्सने दप्तरातून कोरा कागद काढून दिला. जेवणाच्या टेबलावर जागा करण्यात आली. काकांनी मायना लिहिला, विषय लिहिला, आणि 'कारण' या शब्दापाशी ते अडले.

"कौटुंबिक कारणास्तव," अप्पा मागून म्हणाले. "सगळे तेच लिहितात."

"कुटुंबाने काय केलंय?" काकूने विचारलं. "आमच्यावर ढकलू नका."

"मग प्रकृतीच्या कारणास्तव."

"प्रकृती उत्तम आहे, डॉक्टरने लिहून दिलंय," काका म्हणाले.

मग खाली वाकून त्यांनी एक ओळ लिहिली आणि कागद अप्पांकडे सरकवला. ताईला खांद्यावरून ती ओळ दिसली. 'सदर खुर्चीवर बसण्याची मला भिती वाटते.'

अप्पांनी चष्मा लावला. ओळ एकदा वाचली, पुन्हा वाचली. खिशातलं पेन काढलं. साहेबांपर्यंत असली वाक्यं अप्पा जाऊ देत नसत. आडवी रेघ मारून वर 'अपरिहार्य कारणास्तव' लिहिणं त्यांच्या हाताच्या सवयीचं होतं. ताईचा हात त्यांना थांबवायला अर्धा उचललाही गेला. अप्पांनी कागदाला पेन टेकवलं, एक छोटी खूण केली आणि कागद भावाला परत दिला.

"भीतीतल्या 'भी'ला दुसरी वेलांटी," ते म्हणाले. "बाकी ठीक आहे. खाली सही कर."